सैल घसा आणि हुकलेला नेम



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय वाचून काही जणांनी संयोजकांना फोन केले म्हणे. संतसाहित्य झालं, शेती झाली, धरणग्रस्तांचे प्रश्न झाले, आणि आता एकदम रिव्हॉल्वर? छापणाऱ्याची चूक तर नाही ना? चूक नाही. मी शिकारी नाही, पोलिसातही नव्हतो. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. भोक किती मोठं आणि त्यात बसणारी वस्तू किती मोठी, हे बघण्याचा मला पगार मिळायचा. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी अहिंसेचे पुजारी, त्यांना रिव्हॉल्वर रुचलं नसतं. पण गणिताच्या पेपरात दशांश चिन्ह चुकलं तर ते पोराला बाकावर उभं करीत, हे इथल्या बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. त्या दशांश चिन्हाच्या भरवशावर मी आज बोलणार आहे.

पहिला प्रश्न तुम्हालाच. नेम कशाने चुकतो? कोणी म्हणेल हात हलला, कोणी म्हणेल डोळा अधू. कोणी म्हणेल दारू कमी पडली. हे सगळं खरं आहे. पण समजा बंदूक शिकंज्यात आवळून ठेवली, हात नाही, डोळा नाही, दारू तोलून भरली, आणि तरीही गोळ्या कागदावर हातभर पसरल्या. मग कोणाला बोल लावायचा?

मी सांगतो: गोळी आणि नळी यांच्यामधल्या फटीला.

ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. समोरच्या भाटघरच्या जलाशयाला आज भुतोंड्याच्या येसाजी कंकांचं, शिवरायांच्या एका मावळ्याचं, नाव आहे.  मावळे तलवारीचे बहाद्दर आणि कोकणातले हेटकरी नेमाचे बहाद्दर, असं ग्रँट डफने 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. आता विचार करा, हेटकऱ्याच्या हातात काय होतं? तोड्याची बंदूक. लांब नळी, आत गुळगुळीत, गोळीला फिरवणारे आटे नाहीत. जळती जामगी रंजकावर टेकायची आणि बार उडायचा. शिशाची गोल गोळी, वरून गजाने ठासलेली. अशा हत्याराने नेम साधायचा तर गोळी नळीत सैल असून चालत नाही. सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत आपटत जाते, आणि शेवटी ज्या बाजूला आपटली त्याच्या उलट बाजूला भरकटते.

पीकरक्षणासाठी ज्यांच्या घरात ठासणीची बंदूक आहे, आणि निवडणूक आली की ज्यांना ती ठाण्यात जमा करायला जावं लागतं, त्यांना हे मी सांगायला नको. गोळी सैल वाटली तर काय करतात? चिंधी लावतात. कापडाचा तुकडा गोळीखाली धरून ठासतात. फट भरते, बार नीट जातो.

मग फौजा असं का करीत नव्हत्या? कारण काळ्या दारूची काजळी. चार-सहा बार झाले की नळी आतून माखते, घट्ट गोळी गजाने उतरता उतरत नाही, आणि समोरून घोडदळ येत असतं. म्हणून इंग्रजांनी साधा हिशेब केला: गोळीच लहान करा. त्यांच्या ब्राउन बेस बंदुकीची नळी 0.75 इंचाची आणि गोळी 0.69 इंचाच्या आसपास. म्हणजे फट साठ थाऊची. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या धंद्यातला रुपया म्हणा. माणसाचा केस तीन थाऊच्या आसपास असतो. टूलरूममध्ये दोन थाऊसाठी माणसाला मेमो मिळतो, आणि यांनी साठ थाऊ मोकळे सोडले होते! भरणं सोपं झालं, नेम गेला. पलटणच्या पलटण एकदम बार काढायची आणि कोणाला तरी लागायचं. काबूलच्या मोहिमेत 1841-42 साली अफगाणांच्या लांब जझाइल बंदुकांनी याच फौजेला दुरून टिपलं, तेव्हा या हिशेबाची किंमत कळली.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. सैलही हवं आणि घट्टही हवं, भरताना सैल आणि उडताना घट्ट, हे कसं जमायचं? युरोपातले कारागीर डोकं खाजवत होते. जॉन नॉर्टन नावाचा इंग्रज कॅप्टन 1823 च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानात होता. तिथले लोक फुंकनळीने बाण मारीत. त्याने बाण हातात घेऊन पाहिला, तर त्याच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ, फुगणारा भाग बसवलेला. फुंकर मारली की तो पसरायचा, नळीच्या भिंतीला चिकटायचा आणि हवा निसटू द्यायचा नाही. नॉर्टनला पोकळ बुडाच्या लांबट गोळीची कल्पना यावरून सुचली, असं सांगतात. पुढे 1849 साली फ्रान्सच्या मिनिएने तीच कल्पना तडीस नेली.

सायकलचा जुना हातपंप आठवा. दांड्याच्या टोकाला चामड्याचा वायसर, वाटीसारखा. दांडा वर घेताना सैल, खाली दाबला की हवेनेच वाटीचे काठ पसरून भिंतीला घट्ट. पोकळ बुडाची शिशाची गोळी अगदी हेच करते. दारूचा दाब बुडात शिरतो, मऊ शिसं पसरतं, नळीतल्या आट्यांत दाबून बसतं, आणि गोळी गरगर फिरत सरळ निघते.

या शोधाचं पुढचं पाऊल म्हणजे 1853 सालची एनफिल्ड रायफल. नळी 0.577 इंच, गोळी त्याहून थोडी बारीक, भोवती कागद आणि कागदाला चरबी. चरबी कशासाठी? गोळी काजळी माखलेल्या नळीत सुळकन उतरावी म्हणून, आणि काजळी मऊ राहावी म्हणून. म्हणजे पुन्हा फटीचाच प्रश्न! आपण शाळेत शिकलो, काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी, दाताने तोडायचं, म्हणून शिपाई बिथरले. बराकपूरला मंगल पांडे 29 मार्च 1857 ला उभा राहिला. 31 जुलैला आपल्या कोल्हापुरात 27 व्या पलटणीने बंड केलं. बंडाची कारणं पुष्कळ होती, मी इतिहासकारांच्या शेतात शिरत नाही. पण ती चरबी काडतुसावर का आली, हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

आणि बंड मोडल्यावर सरकारने काय केलं? हे ऐका. हिंदी शिपायांना परत बंदुका तर द्यायच्या होत्या, पण नेम द्यायचा नव्हता. म्हणून 1858 ची नवी तऱ्हा निघाली. वरून बघाल तर तीच एनफिल्ड, तेच लाकूड, तोच घोडा. आत मात्र आटे खरवडून काढले, नळी सुमारे 0.65 इंचापर्यंत मोठी केली, आणि अंतराप्रमाणे सरकणारी मागची माशी काढून ठोकळ्यासारखी एकच बसवली. गोळी सैल, नळी गुळगुळीत. शिपाई कितीही कसबी असला तरी त्याच्या गोळ्या लांबवर भरकटणारच. मी आयुष्यभर जॉबमधले दोष शोधले, पण दोष मुद्दाम, मापात, ड्रॉइंग काढून घातलेला असा जॉब दुसरा पाहिला नाही. माणसाला निःशस्त्र न करता त्याचा नेम काढून घेता येतो, आणि तो काही थाऊंत काढून घेता येतो. 1878 चा शस्त्रकायदा त्यानंतरचा. त्याने शस्त्रच काढून घेतलं.

इथपर्यंत लांब नळीचं झालं. आता कंबरेच्या हत्याराकडे येतो.

पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांत आपण फरक करीत नाही. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल, लंडनहून सावरकरांनी धाडलेल्यांपैकी. पिस्तुलात काडतूस जिथे बसतं ते घर आणि नळी एकाच तुकड्याची असते. गोळीला कुठे उडी मारावी लागत नाही. (आपल्या इतिहासातल्या गाजलेल्या गोळ्या बहुतेक हातभर अंतरावरून सुटल्या. म्हणूनच की काय, छोट्या हत्याराच्या नेमाचा विचार मराठीत फारसा झालाच नाही.)

रिव्हॉल्वरचं तसं नाही. तिथे एक चक्री असते, तिच्यात बहुधा सहा घरं. काडतूस घरात बसतं. घराचं पुढचं टोक थोडं अरुंद असतं, त्याला घसा म्हणतात. घशातून गोळी बाहेर पडते, चक्री आणि नळी यांच्यामधल्या उघड्या फटीवरून उडी मारते, नळीच्या तोंडाशी नरसाळ्यासारखा उतार आहे त्यात शिरते, आणि मग आट्यांना भिडते. एवढा प्रवास, आणि तो क्षणाच्या अगदी लहानशा भागात. या प्रवासात गोळीला सरळ धरणारं एकच ठिकाण आहे, तो घसा.

आता घसा सैल असेल तर? गोळी 0.452 इंच, नळीच्या खाचांचं माप 0.452, आणि घसा 0.457. पाच थाऊ. ब्राउन बेसच्या मानाने काहीच नाही, असं वाटेल. पण बघा काय होतं. दारू पेटते, तापलेला वायू गोळीच्या कडेने पुढे पळतो आणि जाता जाता शिशाची कड वितळवून नेतो. ते शिसं नळीत लिंपलं जातं. गोळी घशात एका अंगावर कलते, तशीच कललेली नरसाळ्यात शिरते, आणि आटे तिला तिरकी पकडतात. तिरक्या गोळीचं वजन मध्यावर राहत नाही. ती भोवऱ्याच्या शेवटच्या गिरक्यांप्रमाणे डुलत जाते. कागदावर भोक गोल पडायच्या ऐवजी लांबट पडलं, तर समजावं की गोळी आडवी होऊन पोचली. अशी गोळी वाळूतून उकरून काढली आणि भिंगाखाली धरली, तर एका बाजूला आट्यांचे खोल वळ दिसतात आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोरी जागा, वर राखाडी, विरघळल्यासारखी. डॉक्टरला जसा एक्स-रे, तसा आमच्यासाठी हा पुरावा.

असं बनवलंच कशाला, असं विचाराल. मोठ्या कंपन्यांकडून झालं, हे आधी सांगतो. .45 कोल्ट हे काडतूस 1873 चं. तेव्हा नळ्या 0.454 च्या असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नळ्या 0.451-0.452 वर आल्या, पण चक्रीचं जुनं माप काही ठिकाणी मागे राहून गेलं. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 25, .45 कोल्टमधलं, 1970 च्या दशकाच्या अखेरचं, याचे घसे 0.456-0.457 निघत. रूगरच्या काही रिव्हॉल्वरांत नेमकं उलटं, घसा 0.450, नळीपेक्षा अरुंद. दुसरं कारण माझ्या धंद्यातलं. नवं रीमर भोक मोठं पाडतं. झिजत गेलं की लहान पाडतं. सोमवारची चक्री आणि शनिवारची चक्री एकसारखी नसते. सहा घसे वेगवेगळ्या रीमरने काढले, तर एकाच चक्रीत तीन मापं निघतात. अशा रिव्हॉल्वरच्या गोळ्या कागदावर दोन ठिकाणी घोळके करतात. नेमबाज बिचारा आपल्या मनगटाला शिव्या घालत बसतो.

आता उपाय. लक्षात घ्या, भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. अरुंद घसा रीमरने दोन थाऊ वाढवला की काम झालं. सैल घशाला चक्री बदलणं हा एकच थेट इलाज, आणि तो महाग. मग काय करायचं? नळी बदलत नसेल तर गोळी बदला. नॉर्टनने फुंकनळीत तेच पाहिलं होतं.

आधी मोजायचं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही. मऊ शिशाचा घशापेक्षा किंचित जाड तुकडा घ्यायचा, चक्री बाहेर काढून रिकाम्या घरात लाकडी दांडीने तो हळूच ठोकत घशातून पार करायचा, आणि मायक्रोमीटरमध्ये धरायचा. तुकडा घशातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगाला चकचकीत पट्टा पडलेला असतो. तो पट्टा हेच घशाचं माप. सहाही घरांना वेगवेगळा तुकडा, आणि प्रत्येक तुकड्यावर घराचा नंबर टोचून ठेवायचा. नळीतूनही एक तुकडा तसाच काढायचा. सात तुकडे रांगेत मांडले की रिव्हॉल्वरची सगळी कुंडली समोर येते.

मग गोळी घशाच्या मापाची ओतायची, नळीच्या नव्हे. नवखे इथे हटकून चुकतात, नळी 0.452 ची, म्हणून गोळी 0.452 ची आणतात. अहो, नळीत शिरायच्या आधी तिला घशातून जायचं आहे! घशाला घट्ट बसणारी गोळी दोन-चार थाऊ जाड असली तरी शिसं मऊ असतं, नरसाळ्यात ती दाबून घेतली जाते. पण जाड गोळीचं काडतूस घरात शिरलं पाहिजे, आणि दाब वाढणार म्हणून दारू बेताने घातली पाहिजे. त्यात हयगय झाली तर चक्री फुटते.

त्याहून मोठी चूक कडक गोळीची. कडक म्हणजे चांगली, हा भ्रम आपल्याकडे सगळ्याच बाबतीत आहे. शिशाचा कडकपणा ब्रिनेल मापाने 5 च्या आसपास. छापखान्यातल्या लायनोटाइपच्या धातूचा 22 च्या आसपास, त्यात अँटिमनी भरपूर. अमेरिकेत हौशी लोकांनी जुन्या छापखान्यांचा हा धातू वितळवून गोळ्या ओतल्या. कडक, चकचकीत, बोटाच्या नखाने ओरखडा उठत नाही. आणि सैल घशाच्या रिव्हॉल्वरमधून त्या सगळ्यांत वाईट गेल्या! कारण रिव्हॉल्वरचा दाब रायफलच्या मानाने फार कमी. तेवढ्या दाबाने कडक गोळीचं बूड पसरत नाही. फट तशीच राहते, वायू कडेने पळतो. त्यापेक्षा वीस भाग शिशात एक भाग कथील घालून केलेली मऊ गोळी बरी. दाब आला की ती बुडाशी फुगते आणि घसा भरून टाकते. तांब्याच्या वेष्टणाची गोळी वितळत नाही हे खरं, पण तीही पसरत नाही. कलायची ती कलतेच.

ब्रिटिश फौजेचं वेब्ली रिव्हॉल्वर, .455 चं, या बाबतीत शहाणं निघालं. त्याचे घसे नळीपेक्षा अरुंद असत, म्हणजे चूकच म्हणायची. पण त्याची 265 ग्रेनची शिशाची गोळी बुडाला पोकळ होती. घशातून दबून निघायची आणि नळीत गेल्यावर पुन्हा पसरायची. माप जुळलेलं नसतानाही जोडी जुळली.

आपल्याकडे हे कोणाला लागू पडतं? थेट सांगायचं तर फार थोड्यांना. परवान्यावर आपल्याला मिळतं ते बहुधा .32 चं रिव्हॉल्वर, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. 2014 साली आलेलं हलकं ‘निर्भीक’ही त्याच काडतुसाचं. काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं दिसली तर ते आपल्या शेजारचं. 1869 साली उभ्या राहिलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ती खूण. घरी गोळ्या ओतून काडतुसं भरायला कायद्याची मोकळीक नाही, आणि माझ्या मते नसावीच. म्हणजे वर सांगितलेले निम्मे उपाय तुम्हाला बंद. मग उरतं काय? उरतं ते मोजणं आणि निवडणं. रीतसर रेंजवर एकेका घरातून वेगवेगळ्या कागदावर बार काढायचे, घराचा नंबर कागदावर लिहायचा. कोणतं घर बिघडलेलं आहे ते तासाभरात कळतं. चक्रीच नापास झाली तर विकणाऱ्याकडे ते कागद घेऊन जायचं. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही. सहा कागद पुढे ठेवले की समोरचा चष्मा काढतो.

मोठे खेळाडूसुद्धा दुसरं काय करतात? राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य. दोन्ही .22 ची हत्यारं. या पातळीवर हत्याराची नळी शिकंज्यात धरून एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून बघतात. डब्यावरचं नाव एकच, छाप एकच, पण एक लॉट त्या नळीत रुपयाएवढा घोळका करतो आणि दुसरा पसरतो. जो जुळला तो लॉट पुढच्या स्पर्धांसाठी एकदम उचलतात. वरच्या दर्जाच्या कारखान्यातसुद्धा फट शून्य होत नाही. आपली नळी कोणाशी जुळते तेवढं शोधायचं असतं.

घड्याळाकडे अध्यक्षांनी दोनदा पाहिलं आहे. प्रश्न असतील तर खुशाल विचारा. फक्त परवाना कसा काढायचा आणि रानडुकराला कोणती गोळी, हे दोन प्रश्न मला विचारू नका. पहिल्याला ठाणेदार आहेत, दुसऱ्याला वनखातं. बाकी मायक्रोमीटर मी खिशात घेऊन आलो आहे, कोणाला थाऊ किती ते बघायचं असेल तर डोक्यावरचा एक केस घेऊन पुढे या.